काटोल रोडची टाइम ट्रायल आणि २०० एमजीची गोळी: एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या एका सायकलिंग ग्रुपमधलं हे प्रकरण. नावं, कॉलनी, तारखा सगळं काढून टाकलंय, आणि ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितोय. ग्रुप म्हणजे रजिस्टर्ड क्लब वगैरे काही नाही, पहाटे सेमिनरी हिल्सवर चढ मारणारे आणि रविवारी काटोल रोड नाहीतर अमरावती रोडला लांब जाणारे लोक, आणि अर्थातच एक व्हॉट्सॲप ग्रुप जिथे सायकल कमी आणि भांडणं जास्त. बँकवाले, रेल्वेवाले, दोन डॉक्टर, धंतोलीतला एक मेडिकलवाला, कॉलेजची पोरं.

थंडीत एक ४० किलोमीटरची टाइम ट्रायल होते. फेटरीच्या पुढून सुरू, २० जायचं, यू-टर्न, २० यायचं, मिनिटामिनिटाने एकेक जण सुटतो, ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं, चालत नाही. बक्षीस काय तर एक ट्रॉफी आणि थोडे पैसे, जे जिंकणारा तिथेच सगळ्यांच्या पोह्यात उडवतो. टायमिंग मी बघतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

माणसं तीन. बँकवाला: वय ४१, वजन ७०, कार्बन व्हील्स, पॉवर मीटर (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारा), सगळं वाचून-बिचून करणारा. रेल्वेवाला: ३८ चा, शिफ्ट ड्युटी, जुनी ॲल्युमिनियमची सायकल, पण पाय असे की आधीचे दोन हिवाळे तोच पहिला. आणि पोरगं: १७ वर्षांचं, ५२ किलो, अकरावीत, राज्य निवड चाचणीची तयारी करणारं.

काय झालं

त्या वर्षी बँकवाला जिंकला. वेळ १ तास ५ मिनिटांच्या जरा वर, रेल्वेवाला ४० सेकंद मागे. इथपर्यंत ठीक. मग पोह्याच्या ठेल्यावर, तर्री ओतता ओतता, कोणीतरी सहज विचारलं की यंदा एवढा कसा काय पळाला, तर हा बिनधास्त म्हणाला, काही नाही, तासभर आधी २०० एमजी कॅफिनची गोळी घेतली होती. लपवायचं त्याच्या डोक्यात पण नव्हतं, उलट शिकवायच्या मूडमध्ये होता, किलोमागे तीन मिलिग्रॅम, ७० किलोला साधारण २१०, असं सगळं समजावून सांगत होता.

रेल्वेवाल्याने प्लेट खाली ठेवली. "म्हणजे गोळी खाऊन जिंकला ना भाऊ तू."

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दोन पार्ट्या. एक म्हणे हे डोपिंगच आहे, रिझल्ट बदला. दुसरी म्हणे मग चहा पण बंद करा, कारण रेल्वेवाला स्वतः स्टार्टच्या आधी थर्मासमधून दोन कप मारून आला होता (आला होता, मी पाहिलं). कोणीतरी टाकलं की लाखभराच्या व्हील्सवर कोणी काही बोललं नाही आणि काही रुपयांच्या गोळीवर एवढा तमाशा काहून. त्यावर रेल्वेवाल्याचं उत्तर या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने लिहिलं, "व्हील्स दिसतात. गोळी दिसत नाही. तू आधी सांगितलं असतं तर मी बी घेतली असती, नाहीतर नसती घेतली, पण मले माहीत तर असतं."

पहिला निर्णय: रिझल्ट

हा तसा सोपा होता. कॅफिन वाडाच्या, म्हणजे डोपिंगविरोधी जागतिक संस्थेच्या, बंदीच्या यादीत नाही, आमच्या ग्रुपच्या नियमात तर त्याचा उल्लेखही नव्हता, आणि रेस झाल्यावर नियम बनवून मागच्या तारखेने लावता येत नाही. रिझल्ट तसाच ठेवला. रेल्वेवाल्यालाही रिझल्ट बदलून नको होता, तो म्हणाला ट्रॉफी घेऊन मी काय करू. भांडण खरं पुढच्या रेसचं होतं.

गोळी खरंच चालते का

ग्रुपमधल्या एका डॉक्टरने यावर शांतपणे लिहिलं आणि त्याने वाद जरा जमिनीवर आला.

चालते. १९७८ मध्ये कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना ३३० मिलिग्रॅम कॅफिन देऊन पूर्ण दमेपर्यंत चालवलं होतं, कॅफिनवाले सरासरी ९० मिनिटं टिकले आणि डिकॅफवाले, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी प्यायलेले, साडेपंचाहत्तर. नंतर ढीगभर अभ्यास झाले. दमेपर्यंत चालवण्याच्या टेस्टमध्ये आकडे मोठे दिसतात, पण ठरलेलं अंतर लवकर कापायचं असेल तर सरासरी फायदा साधारण दोन ते तीन टक्के निघतो. ऐकायला काहीच नाही. पण ६५ मिनिटांचे दोन टक्के म्हणजे ७८ सेकंद, आणि आपला फरक होता ४०. म्हणजे रेल्वेवाल्याचा राग हिशेबात तरी बसत होता.

काम कसं करते तेही मजेशीर आहे. मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, ते आपल्या जागेवर बसलं की थकवा जाणवतो. कॅफिन एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं त्या जागा आधीच धरून ठेवतं. पायात नवी ताकद येत नाही, तेवढ्याच वॅटला त्रास कमी वाटतो, आणि त्रास कमी वाटला की माणूस थोडा अजून दाबतो. एके काळी वाटायचं की कॅफिनमुळे चरबी जास्त जळते आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, वाचतं, ते स्पष्टीकरण आता मागे पडलंय.

पण सगळ्यांवर सारखं नाही चालत. २०१८ मध्ये कॅनडात शंभरेक खेळाडूंवर १० किलोमीटर सायकलिंगची टेस्ट झाली. कॅफिनची विल्हेवाट लावणारं एक जनुक आहे, सीवायपी१ए२, त्याचा वेगवान प्रकार ज्यांच्यात होता ते किलोमागे ४ मिलिग्रॅम घेऊन ६.८ टक्के सुधारले, आणि ज्यांच्यात सगळ्यात मंद प्रकार होता ते त्याच डोसवर १३.७ टक्के हळू झाले. हळू! पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा ठळक फरक दिसला नाही, त्यामुळे लगेच जीन टेस्ट करायला पळायची गरज नाही, पण "घेतली की पळतो" असं नाही एवढं पक्कं.

आणि मग ती २००६ ची टेस्ट, जी वाचून ग्रुपवर दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. सायकलपटूंना सांगितलं की कधी काहीच नाही, कधी कमी कॅफिन, कधी जास्त कॅफिन देऊ. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी नुसती प्लासिबो, म्हणजे खोटी गोळी. ज्या वेळी वाटलं की जास्त कॅफिन घेतलंय त्या वेळी पॉवर ३.१ टक्के वर, कमी घेतलं वाटलं तेव्हा १.३ टक्के वर, आणि ज्या वेळी वाटलं की आज प्लासिबो आहे त्या वेळी १.४ टक्के खाली. कॅफिन शून्य.

मग प्रश्न असा येतो की बँकवाल्याच्या त्या ४० सेकंदांत गोळी किती, गोळीवरचा विश्वास किती, आणि नोव्हेंबरपासून न चुकता मारलेली इंटर्व्हल्स (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असा सराव) किती. कोणालाच सांगता येणार नाही.

मधेच आलेलं दुसरं प्रकरण

हा वाद चालू असतानाच, पुढच्याच आठवड्यात, पोराने सगळ्यांना वेगळ्या जागी आणून उभं केलं.

त्याने ठेल्यावरचं लेक्चर ऐकलं होतं. ऑनलाइन २०० एमजीच्या गोळ्या मागवल्या आणि पहाटे उपाशीपोटी दोन घेतल्या, एकीने बँकवाल्याला एवढा फायदा तर दोनने किती. जॅपनीज गार्डनजवळ तिसऱ्या चढाला थांबला, हात थरथरायला लागले, उलटी झाली, छातीत धडधड एवढी की उभं राहवेना. विचारलं काय खाल्लं तर म्हणाला फक्त चहा.

तिथे डॉक्टर कोणी नव्हता. दोघं-तिघं म्हणाले लिंबूपाणी पाजा, सावलीत बसवा, उन्हातान्हात होतं असं (जानेवारीतली सकाळ, ऊन कुठलं). ग्रुपमधले रिटायर्ड काका मात्र अडले, म्हणाले धडधड आहे तर ईसीजी काढायचा, बाकी चर्चा नंतर. कारमध्ये टाकून रामदासपेठेत नेलं. वाटेत मेडिकलवाल्याला फोन लावला, त्याने इकडचं तिकडचं न विचारता डायरेक्ट विचारलं, "कोणती गोळी घेतली बेटा?" तेव्हा कुठे बाहेर आलं. आपण सगळे "काय खाल्लं" विचारत होतो, पोरगं खरंच बोलत होतं की खाल्लं काही नाही.

ईसीजीत ठोके फास्ट, बाकी नॉर्मल. काही तास बसवून ठेवलं, पाणी पाजलं, सोडलं. रात्रभर झोप नाही लागली त्याला, आणि ते साहजिकच आहे, कॅफिन शरीरातून अर्धं व्हायला पाच-एक तास लागतात, म्हणजे पहाटेच्या ४०० मधले ५० मिलिग्रॅम रात्री नऊलाही आत फिरतच होते.

हिशेब बघा. ४०० भागिले ५२, किलोमागे ७.७ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मोठ्या निरोगी माणसासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही असं सांगितलं, मुलांसाठी किलोमागे ३. त्या पोरासाठी ते होतं १५६. आणि जास्त घेतलं की जास्त फायदा हेही खरं नाही, किलोमागे ३ ते ६ च्या वर गेलं की फायदा वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "तुमच्या ग्रुपमध्ये पोरायले गोळ्या देऊन राहिले का?" कोणी दिली नव्हती. पण या प्रश्नाला नुसतं "नाही" म्हणून फोन ठेवणं कोणाला जमलं नाही.

समोर काय पर्याय होते

काकांच्या घरी आठ-दहा जण बसलो, रेल्वेवाला आणि बँकवाला दोघंही.

पूर्ण बंदी हा पहिला पर्याय, आणि भावनेच्या भरात बहुतेक लोक तिकडेच होते. अडचण अशी की रेषा कुठे मारायची? हे जगाने करून पाहिलंय. ऑलिंपिक समितीच्या काळात मर्यादा होती, लघवीच्या मिलिलिटरमागे १२ मायक्रोग्रॅम. दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेला इटलीचा जान्नी बुन्यो १९९४ मध्ये त्यातच अडकला होता. पण फायदा होतो तो डोस बऱ्याचदा या रेषेच्या खालीच बसायचा, आणि तेवढंच कॅफिन घेऊन एकाच्या लघवीत जास्त दिसायचं, दुसऱ्याच्या कमी. शेवटी १ जानेवारी २००४ पासून वाडाने कॅफिन यादीतून काढलं आणि फक्त नजर ठेवायच्या यादीत टाकलं. ज्यांच्याकडे लॅब होत्या त्यांनी हात टेकले, आपल्याकडे तर एक स्टॉपवॉच आहे. आणि चहा सोडायला नागपुरात कोण तयार होणार.

दुसरा पर्याय काहीच न करायचा. वाडाला चालतं ना, मग आपण कोण. बँकवाला इथे होता. त्याचा मुद्दा कच्चा नव्हता, बंदीसाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: कामगिरी वाढते, तब्येतीला धोका, खेळाच्या भावनेविरुद्ध. कॅफिन पहिलीत सरळ बसतं, बाकी दोनांत ओढूनताणून. ट्रामाडोल बघा, ती पेनकिलर पेलोटॉनमध्ये, म्हणजे प्रो रेसच्या घोळक्यात, सर्रास चालायची, त्यातून चक्कर, गुंगी, सवय लागणं, म्हणून सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०१९ ला स्वतःच बंद केली आणि २०२४ ला वाडाने पण. कॅफिनबद्दल असं काही झालेलं नाही, प्रो रेसमध्ये कॅफिनवाले जेल आणि शेवटच्या तासात कोकचा कॅन हे उघड चालतं. पण काहीच न करायचं म्हटलं की वडिलांच्या फोनला उत्तर काय, हे त्याच्याकडेही नव्हतं.

तिसरा पर्याय मेडिकलवाल्याने काढला, घ्या पण लिहा. स्टार्ट शीटवर नावापुढे एक रकाना, आज काय आणि किती. हे डायरेक्ट रेल्वेवाल्याच्या वाक्यातून आलं होतं. यावर एकाने शंका काढली की लोक खोटं लिहितील. लिहितील ना, पण ड्राफ्टिंग पण लोक करतात यू-टर्नच्या पलीकडे, म्हणून नियम काढून टाकत नाही आपण.

माझं मत बैठकीतही हेच होतं आणि आताही तेच आहे: मोठ्यांच्या बाबतीत गोळी अन्यायाची नव्हती, एकालाच माहीत असणं अन्यायाचं होतं. पोरांच्या बाबतीत मात्र न्याय-अन्यायाचा विषयच नाही, तिथे प्रश्न तब्येतीचा आहे. दोन्ही एकाच नियमात कोंबायला गेलो म्हणून पहिले दोन तास नुसते वाया गेले.

काय केलं

अठराच्या वरच्यांना मोकळीक, पण शीटवर लिहायचं. अठराच्या खालच्यांना ग्रुपच्या राईडला आणि रेसला गोळी, कॅफिन जेल, एनर्जी ड्रिंक काहीच नाही, घरचा चहा-कॉफी आईवडिलांचा विषय. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर मुलांसाठी नाही असं छापलेलंच असतं, एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे तो, लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन पण चालत नाही, म्हणजे पाव लिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. गोळीला अशी काही ब्रेक नाही, पाण्याच्या दोन घोटांत ४०० आत.

पोराला आणि वडिलांना बोलावून डॉक्टरने अर्धा तास दिला. भाषण नाही, फक्त दोन गोष्टी. एक वरचा हिशेब. दुसरी ही की निवड चाचणीला उतरणाऱ्याची नाडा, म्हणजे आपल्या देशाची डोपिंगविरोधी संस्था, कधीही टेस्ट घेऊ शकते, वय कमी असलं तरी, आणि शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. कॅफिन चालतं, पण कॅफिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्री-वर्कआउट पावडरीत अजून काय आहे हे डबा सांगेलच असं नाही. २०१० मध्ये कॉमनवेल्थच्या तोंडावर आपले कितीतरी खेळाडू मिथिलहेक्सानअमाइनमध्ये अडकले होते, ते उत्तेजक सप्लिमेंटमध्येच मिळायचं. वडील पहिल्यांदा तिथे नीट ऐकायला लागले.

आणि एक गोष्ट बँकवाल्याने स्वतःहून केली. मेडिकलवाल्याकडून रिकाम्या कॅप्सूल भरून घेतल्या, काहींत कॅफिन, काहींत ग्लुकोज, नंबर टाकलेले, यादी मेडिकलवाल्याकडे. रोडवर वारं असतं म्हणून घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), तोच वेळ, तोच नाश्ता, नुसती २० मिनिटं फुल. महिनाभर अधूनमधून चाललं हे.

पुढे काय झालं

कॅफिनच्या दिवशी त्याचे वॅट सरासरीत थोडे वर आले, पण त्याच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी. बहुतेक वेळा त्याला ओळखू आलं की आज खरी आहे, हात जरा गार आणि डोकं चालू. गंमत एका दिवसाची. त्या दिवशी तो छातीठोकपणे म्हणाला ही कॅफिनच, महिन्यातला त्याचा सगळ्यात भारी आकडा पण त्याच दिवशी, आणि यादीत निघालं ग्लुकोज. एका माणसावर केलेला घरगुती प्रयोग, त्यातून सिद्ध काही होत नाही. तो अजूनही रेसला गोळी घेतो, फक्त १०० ची, म्हणतो पोटाला बरी पडते.

फेब्रुवारीच्या छोट्या रेसला शीटवर रकाना आला. निम्म्यांनी "चहा" लिहिलं, एकाने "चहा, डबल पत्ती", एकाने "तर्री". तीन जणांनी गोळी लिहिली, आकड्यासकट. बँकवाला त्या दिवशी येताना वाऱ्यात सापडला आणि चौथा आला. रेल्वेवाल्याची ड्युटी होती, तो आलाच नाही, त्यामुळे ज्या सामन्याची सगळे वाट बघत होते तो झालाच नाही. नंतर त्याने एका लांब राईडला २०० घेऊन पाहिली, म्हणाला पाय ठीक होते पण पुढची रात्र पूर्ण जागून काढली आणि सकाळी सहाची शिफ्ट, "आपल्याले नाही परवडत हे." शिफ्टवाल्या माणसाची झोप गेली तर दोन टक्क्यांपेक्षा मोठं नुकसान होतं, हे त्याला आमच्यातल्या कुठल्याही पेपर वाचणाऱ्यापेक्षा लवकर कळलं.

पोराला वडिलांनी महिनाभर पाठवलं नाही. मग आला. निवड चाचणीत मधल्या घोळक्यात संपवलं, निवड नाही झाली. गोळीचा विषय कोणी काढत नाही, तोही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ठेल्यावर डोस सांगणं चालू होतं तेव्हा तिथे अठराच्या खालची पोरं उभी होती, आणि "हे तुमच्यासाठी नाही" एवढं वाक्य तिथल्या कोणीही टाकू शकलं असतं. बँकवाल्याने किलोचा हिशेब सांगितला, पण पोरांच्या डोक्यात राहिला तो फक्त २०० चा आकडा. डोस सांगायचाच तर वरची मर्यादा आधी सांगायला पाहिजे.

सेमिनरी हिल्सवर ईसीजीचा निर्णय काका हजर होते म्हणून झाला. आता ठरलंय की धडधड, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर चर्चा न करता हॉस्पिटल, आणि विचारताना "काय घेतलं" असं विचारायचं, गोळी, पावडर, ड्रिंक, एकेक नाव घेऊन.

जानेवारीच्या बैठकीत अठराखालच्यांचा नियम आधी दहा मिनिटांत उरकून मग मोठ्यांचं भांडण घ्यायला पाहिजे होतं, उलटं झालं आणि महत्त्वाचं काम रात्री साडेदहाला घाईत झालं.

शीटचं म्हणाल तर मार्चपर्यंत लोक कंटाळले, रकाना रिकामा सोडायला लागले. एक कारण हे की शीट रेस संपल्यावर भरली जात होती, जेव्हा सगळ्यांचं लक्ष पोह्यांकडे. यंदा ती नंबर देताना भरून घेणार आहोत, रकाना रिकामा तर नंबर नाही. रेल्वेवाल्याची एक मागणी अजून बाकी आहे, त्याचं म्हणणं रकान्यात व्हील्सची किंमत पण लिहायला लावा. त्यावर अजून बैठक झाली नाही.